केवलादेव घना : शिकारीच्या तळ्यापासून पक्षितीर्थापर्यंत

राजस्थानातील भरतपूर शहराला लागून केवलादेव महादेवाचे एक लहानसे देऊळ आहे. देवळाभोवती पाणथळ पसरलेली आहे आणि पाण्याच्या काठाशी दगडी पाट्यांची एक रांग उभी आहे. प्रथमदर्शनी त्या एखाद्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिशिला वाटतात. जवळ जाऊन वाचू लागले म्हणजे ध्यानात येते, की येथे कोरलेला आहे तो निव्वळ हिशेब आहे. शिकारीची तारीख, सन्माननीय पाहुण्याचे नाव, बंदुका किती आणि मारलेले पक्षी किती, एवढाच. या हिशेबातील सर्वांत मोठा आकडा १९३८ सालचा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या त्या शिकारीत एकाच दिवसात ४,२७३ पक्षी टिपण्यात आले. ते कोणत्या जातीचे होते, कोठून आले होते, हे पाटीवर नाही. कोरणाऱ्याला ते सांगण्याचे प्रयोजनही वाटले नसावे.

आज याच पाट्यांच्या सावलीत गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसे उभी राहतात आणि पलीकडच्या बाभळीवरील चित्रबलाकांची पिल्ले मोजतात. मोजणे तेव्हाही होते, आजही आहे. या दोन मोजण्यांच्या मध्ये जे घडले त्याचा इतिहास बव्हंशी भरतपूरचा आहे. पण त्याचा एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईतून जातो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवलादेवची पाणथळ निसर्गाने घडवलेली नाही. ‘घना’ म्हणजे दाट झाडी. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुरामुळे हा सखल प्रदेश पावसाळ्यात जलमय होई. अठराव्या शतकात भरतपूरचा जाट राजा सूरजमल याने अजान गावापाशी मातीचा बांध घातला आणि पुराचे पाणी अडवून ठेवण्याची सोय केली. हाच तो सूरजमल, ज्याने १७६१ साली पानिपतावरून जखमी व उपाशी अवस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना आश्रय दिला. सदाशिवरावभाऊंशी त्याचे बिनसले होते, तो युद्धापूर्वीच बाजूला झाला होता. तरीही दारी आलेल्यांना त्याने अन्नवस्त्र दिले, जखमींवर उपचार केले. बाजीरावाचा पुत्र समशेर बहादूर याने त्याच्याच आश्रयाला अखेरचा श्वास घेतला. पुढे १८०५ साली यशवंतराव होळकर भरतपूरच्या किल्ल्यात होता आणि लॉर्ड लेकने त्या मातीच्या तटांवर चार वेळा हल्ला चढवला. चारही वेळा त्याला मागे फिरावे लागले. जाड मातीचा तट आणि त्याभोवतीचा पाण्याने भरलेला रुंद खंदक ही भरतपूरची खरी तोफ होती. सारांश, या मुलखात पाणी अडवणे ही राजांची जुनी विद्या होती. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्याही मनात नव्हता.

तो विचार आला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही बंदुकीच्या नळीतून. भरतपूरचा कारभार त्या काळी मोरवीच्या राजघराण्यातील हरभामजी यांच्याकडे होता. इंग्लंडमधील उमरावांच्या बदकांच्या शिकारी त्यांनी पाहिल्या होत्या. तसा शिकारीचा तलाव आपल्याकडे का असू नये, या विचाराने त्यांनी घन्यात आणखी बांध घातले, पाट खणले, झडपा बसवल्या. अजान बांधातून पावसाळ्यात पाणी सोडायचे, ते निरनिराळ्या खणांत खेळवायचे आणि हिवाळाभर हवे तेवढे राखायचे, अशी ही योजना. पाण्यातून वर आलेल्या मातीच्या उंचवट्यांवर बाभळी वाढल्या. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी उतरणाऱ्या बदकांना उथळ पाणी, कंदमुळे आणि निवारा एकाच जागी मिळू लागला. ते हजारोंनी आले. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत येथे पहिली मोठी औपचारिक शिकार झाली.

इतिहासाला कधी कधी विनोदबुद्धी असते, असे मला येथे वाटते. त्याच १९०२ साली कर्झन यांच्याच सरकारने हिंदुस्थानातून पक्ष्यांची पिसे व कातडी परदेशी पाठवण्यास बंदी केली. युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर मिरवण्यासाठी आपल्याकडील बगळ्यांची तेव्हा सर्रास कत्तल होत असे. पिसांच्या व्यापारासाठी गरिबाने बगळा मारणे हा गुन्हा ठरला. मानमरातबासाठी एका दिवसात बदकांचा खच पाडणे हा राजशिष्टाचार होता. मात्र एक मान्य केले पाहिजे: शिकारीचा हव्यास नसता तर ही पाणथळ राखलीच गेली नसती. आसपासच्या शेतकऱ्याला ती केव्हाच नांगराखाली हवी होती.

आता मुंबईकडे वळू. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांतील सहा युरोपीय होते. उरलेले दोघे होते डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे वैद्यक आणि वनस्पतींचे जाणकार, रखमाबाईंचे सावत्र वडील. मराठी समाजाच्या विस्मृतीत गेलेला हा वारसा आहे, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला. संस्थेचे सुरुवातीचे बहुतेक सदस्य शिकारी होते. यात विसंगती नव्हती, कारण त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो मारायचा, त्याचे कातडे भरून ठेवायचे आणि मग चोच, पंख, नखे मोजायची, अशीच शास्त्राची रीत होती. डोळ्यांना लावायच्या चांगल्या दुर्बिणी आणि खिशात मावणारी सचित्र पुस्तके पुढे आली, तेव्हा कोठे जिवंत पक्षी पाहून त्याचे नाव सांगणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

या बदलाला भारतात ज्यांचे नाव जोडले गेले ते डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) स्वतः बंदुकीच्या वाटेनेच आले. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोण, हे विचारायला मामांनी त्यांना सोसायटीच्या कार्यालयात पाठवले आणि तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या मुलापुढे पक्ष्यांच्या कातड्यांनी भरलेले खण उघडले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ असे नाव दिले. शुभवर्तमान वाचणाऱ्याला या शब्दांत संत मत्तयच्या दहाव्या अध्यायाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

सालिम अलींच्या जडणघडणीत एका येशूसंघीय धर्मगुरूचा वाटा आहे, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ब्रह्मदेशातील व्यवसाय सोडून तरुण सालिम मुंबईस परतले आणि व्यापारी कायदा व हिशेब शिकण्यासाठी दावर कॉलेजात जाऊ लागले. सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्यास त्यांना प्रवृत्त केले. फादर ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे, विषय वनस्पतिशास्त्र. १९३४ साली त्यांचे निधन झाले. झेवियर्समधील वाळवलेल्या वनस्पतींचा प्रचंड संग्रह आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्यामागून त्याच महाविद्यालयात आलेले स्पॅनिश येशूसंघीय फादर सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. अशा माणसांविषयी आपल्या पाक्षिकांत, त्रैमासिकांत फारच कमी लिहिले गेले आहे.

सालिम अलींनी भरतपूर पाहिले ते संस्थानी अमलात. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि घन्यावर वेगळेच संकट आले. पाणथळ कोरडी करून जमीन शेतीसाठी वाटावी, अशी मागणी जोर धरू लागली. भुकेल्या देशात ती गैरही म्हणता येणार नाही. सालिम अलींनी पंडित नेहरूंकडे धाव घेतली. नेहरूंना पक्ष्यांची आवड होती. तुरुंगवासात त्यांनी पक्षी न्याहाळले होते. घना वाचला. १९५६ साली त्याला पक्षी अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. तडजोड मात्र झाली होती: माजी महाराजांचा शिकारीचा हक्क शाबूत ठेवण्यात आला. १९६४ सालापर्यंत मोठ्या शिकारी होत राहिल्या आणि १९७२ साली तो हक्क संपुष्टात आला. म्हणजे अभयारण्य झाल्यावरही सोळा वर्षे बदकांना पूर्ण अभय नव्हते.

याच मधल्या काळात येथे एक विलक्षण काम सुरू झाले. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे व माणसे एका अनोळखी तापाने मरू लागली. त्याचे विषाणू सायबेरियातील एका रोगाशी मिळतेजुळते निघाले. ते हिवाळी पाहुण्या पक्ष्यांनी आणले असतील काय, असा संशय आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत क्रमांक घातलेली ॲल्युमिनियमची हलकी कडी अडकवण्याची मोठी मोहीम हाती घेतली आणि भरतपूर तिचे एक प्रमुख केंद्र झाले. पक्षी जिवंत आणि न दुखावता पकडायचे कसे, हा प्रश्न होता. तो सोडवला बिहारमधील मीरशिकार जमातीच्या पारध्यांनी. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून विकणारे हे लोक. जाळी, फास, बांबूच्या काठ्या आणि पक्ष्यांच्या सवयींचे अचूक ज्ञान हेच त्यांचे भांडवल. त्यांनी धरलेला पक्षी शास्त्रज्ञ वजन करून, मापे घेऊन, कडे घालून पुन्हा आकाशात सोडत. पुढे त्यांतील काही कडी सोव्हिएत संघराज्यातून मुंबईच्या पत्त्यावर परत आली. हिवाळी बदके नेमकी कोठून येतात याचा पुरावा असा एका चिमुकल्या धातूच्या पट्टीवरून मिळत गेला. रोगाच्या प्रसाराचा पक्ष्यांवरील आळ मात्र सिद्ध झाला नाही. संशोधनाच्या ग्रंथांवर शास्त्रज्ञांची नावे आहेत. मीरशिकारांची नावे बहुधा आभाराच्या पानावर सापडतात.

पक्षिनिरीक्षकांच्या एका गटाबरोबर मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला घना पाहण्याचा योग आला. हा काळ संधिकाळाचा. उत्तर हिंदुस्थानातील थंडी ओसरत असते, पळस फुललेला असतो आणि पाहुण्यांची परतीची तयारी चाललेली असते. उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता, त्यामुळे पहाटे उठण्याचे मला वेगळे कष्ट पडले नाहीत. गटात शाळेचे शिक्षक होते, बँकेतील एक निवृत्त अधिकारी होते, दोन महाविद्यालयीन मुली होत्या. अंधुक उजेडात आम्ही प्रवेशद्वाराशी जमलो, तेव्हा धुके एवढे होते, की पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते हे कळू नये. आत मोटारी नेता येत नाहीत. सायकलरिक्षा करायची आणि चालवणाऱ्यालाच वाटाड्या मानायचे. या मंडळींना वन खात्याने प्रशिक्षण दिलेले आहे. आमचे वाटाडे एक पांढऱ्या दाढीचे सरदारजी होते. त्यांना इंग्रजी वाक्य बोलता येत नव्हते. पण शे-दोनशे पक्ष्यांची इंग्रजी नावे त्यांच्या जिभेवर होती आणि आमच्या दुर्बिणी वर जाण्याआधीच त्यांचे बोट नेमक्या फांदीकडे वळलेले असे.

पक्षिनिरीक्षण हा फार सावकाश चालणारा उद्योग आहे. तासन्‌तास बांधावर उभे राहायचे, बोलायचे ते कुजबुजत, वहीत टिपणे करायची. धुके विरळ झाले तशी पाण्यावर तलवार बदके दिसू लागली, मग थापट्या, चक्रांग, काळेभोर वारकरी. दूर दलदलीत डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणाऱ्या पट्टकादंब हंसांचा कळप चरत होता. काही दिवसांतच ते हिमालय ओलांडून जाणार होते. चित्रबलाकांची वाढलेली पिल्ले ओसाड पडत चाललेल्या घरट्यांच्या आसपास अजून रेंगाळत होती. सारसांची एक जोडी मान उंचावून एकाच वेळी ओरडली, तेव्हा गटातील सगळ्यांनीच लिहिणे थांबवले. रात्री दिवसभराची यादी वाचली गेली. एक जण पक्ष्याचे नाव घेई, ज्याने पाहिला त्याने हात वर करायचा, आणि एकाच माणसाने पाहिलेल्या दुर्मीळ पक्ष्यावर दहा मिनिटे उलटतपासणी व्हायची. कबुलीजबाब ऐकण्याची सवय असलेल्या मला ती चौकशी बरीच कडक वाटली! मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ मधोमध ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी सरदारजींनी एका बाजूचे गवत दाखवून म्हटले, की पूर्वी येथे म्हशी उतरत. त्या एका वाक्यामागे घन्याच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण आहे.

राजांच्या काळापासून आसपासच्या गावांची गुरे घन्यात चरत आली होती. १९८१ साली रामसर करारानुसार ही जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरली आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाली. राष्ट्रीय उद्यानात कायद्याने गुरांना मज्जाव असतो. म्हशी पाणथळ तुडवतात, पक्ष्यांना उपद्रव होतो, हे त्या वेळचे तज्ज्ञांचेही मत होते; खुद्द सालिम अलींचाही चराईबंदीला पाठिंबा होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी अमलात आली. गावकऱ्यांना पर्यायी कुरण दिले गेले नव्हते. ते जमावाने आत घुसले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी प्राणास मुकले. बंदुका बंद होऊन दहा वर्षे झालेल्या घन्यात पुन्हा बंदुकीचा आवाज झाला, तो असा. या मृतांच्या नावाची पाटी देवळापाशी मला दिसली नाही.

पुढे जे घडले त्याने सर्वांनाच विचारात पाडले. १९८० ते १९९० या दशकात सोसायटीचे शास्त्रज्ञ घन्याचा सखोल अभ्यास करत होते. त्यांना दिसून आले, की म्हशी गेल्यावर पाण्यातील एक जातीचे गवत बेसुमार माजले. उघडे पाणी आक्रसले, मासे घटले आणि बदकांसह अनेक पक्ष्यांची संख्या रोडावली. म्हैस ही शत्रू नव्हती. ती फुकट राबणारी माळीण होती. राजांनी बांध घातले, गवळ्यांनी गुरे चारली आणि या दोन्हींतून तयार झालेल्या पाणथळीत पक्षी रमले होते. ज्या संस्थेने बंदीचा आग्रह धरला त्याच संस्थेने आपला निष्कर्ष उलट निघाल्याचे छापून प्रसिद्ध केले, याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. शास्त्राच्या जगातही असे प्रामाणिकपण रोजचे नसते. गावकऱ्यांना पुढे हाताने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. पण गोळीबारात मेलेल्यांच्या घरी हा निष्कर्ष कोणी वाचून दाखवला असेल काय?

शुभ्र सायबेरियन क्रौंचाची हकिकत याहून वेगळी आहे. तांबडा चेहरा, पांढरे अंग, पंखांची टोके तेवढी काळी. पश्चिम सायबेरियात ओब नदीच्या खोऱ्यातून निघून अफगाणिस्तानावरून हे क्रौंच हिवाळ्यासाठी भरतपूरला येत आणि चोच पाण्यात खुपसून लव्हाळ्याचे कंद उकरत. १९६४–६५ च्या हिवाळ्यात येथे सुमारे २०० क्रौंच मोजले गेले. १९८४–८५ साली ते ४१ उरले. १९९२–९३ साली केवळ ५. नंतर दोन हिवाळे एकही आला नाही. १९९६ साली चार परतले, तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर जागा द्यावी एवढा आनंद पक्षिप्रेमींना झाला. २००१–०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली. ती अखेरची. अमेरिकेतील रॉन सॉई या तरुण संशोधकाने भरतपुरात या क्रौंचांचा अभ्यास केला होता. १९७३ साली त्याने जॉर्ज आर्चिबाल्डच्या साथीने क्रौंचांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्थाही काढली. घन्यात क्रौंचांना धोका नव्हता. त्यांना गाठले ते वाटेवरच्या शिकारीने आणि आटत्या तळ्यांनी. अफगाणिस्तानात १९७९ पासून पेटलेल्या युद्धात माणसांचीच मोजदाद राहिली नव्हती. चीनमधील पोयांग सरोवरावर या जातीचे हजारो क्रौंच अजून हिवाळा घालवतात. भरतपूरची वाट ठाऊक असलेला कळप मात्र संपला. क्रौंचाची पिल्ले ही वाट आईबापांबरोबर उडूनच शिकतात, त्यामुळे ती वाट शिकवणारे आता कोणी उरलेले नाही.

१९८५ साली युनेस्कोने केवलादेवला जागतिक वारशाचा दर्जा दिला. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला दरवर्षी साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते आणि ते आता आपोआप येत नाही. बाणगंगा बहुतेक कोरडीच असते. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. २००४ साली घन्यासाठी पाणी सोडायची वेळ आली, तेव्हा धरणाकाठच्या शेतकऱ्यांनी ठाम नकार दिला. त्यांचीही पिके वाळत होती. पुढील काही वर्षे घना भेगाळला, मासे मेले, बलाकांनी घरटी बांधली नाहीत. वाळलेल्या तळात विलायती बाभूळ माजली. ती मुळासकट उपटण्याचे काम गावकऱ्यांवर सोपवण्यात आले आणि लाकूड त्यांनाच देण्यात आले. १९८२ नंतर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना थोडाफार विश्वास वाटू लागला तो या कामामुळे, असे सरदारजींचे म्हणणे होते.

२०१२ पासून गोवर्धन नाल्यातून यमुनेच्या पुराचे पाणी पाइपांनी घन्यात आणले जाते. चंबळचे पाणीही येते. पण ते मूळ पिण्यासाठी आणलेले, त्यामुळे भरतपूरकरांची तहान आधी. पाणी नळातून येऊ लागले, तेव्हा एक गोष्ट उशिरा लक्षात आली. नदीच्या पुराबरोबर माशांची अंडी, बीज, गाळ हे सारे वाहत येई आणि त्यावर बलाकांची पिल्ले पोसली जात. नळाच्या स्वच्छ पाण्यात मासे नसतात. म्हणून घन्याचे अधिकारी आजही पावसाळा सुरू झाला, की गंभीरच्या पाण्याची विचारणा करतात. कोणत्या वर्षी ते पांचना धरणावरून उतरते, कोणत्या वर्षी उतरत नाही. उतरले, तर अजान बांधाच्या झडपा उघडल्या जातात आणि पहिले पाणी सूरजमलाच्या वेळच्याच वाटेने आत शिरते.